ओगलेबाई डोंगराबद्दल काय म्हणाल्या

वेळण्याच्या ज्ञानसत्रात आता वक्त्यावर कुणी ओरडत नसे. विषय निसर्गाचा असो, विज्ञानाचा की समाजाचा, सभागृह भरलेलं असे आणि लोक समाधानाने टाळ्या वाजवून घरी जात. हे सगळं श्रुतिका आल्यापासूनचं. आत शिरतानाच प्रत्येकाला ती कानात घालायला मिळे.

डॉ. हेमांगी ओगले भूशास्त्रज्ञ होत्या. गावामागच्या डोंगरावर त्यांनी काही वर्षं उपकरणं लावून ठेवली होती. उतारावरच्या भेगा रुंदावत होत्या. मोठा पाऊस लागला की कडा सुटणार आणि पायथ्याची साळवीवाडी गाडली जाणार, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. सरकारने पर्यायी जागाही दिली होती, पण वाडी हलायला तयार नव्हती. म्हणून त्या बोलायला आल्या होत्या.

सत्राचे संयोजक विश्राम केळुसकर मेंदूविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. श्रुतिका त्यांनीच बनवलेली. ती नेमकं काय करते, असं ओगलेबाईंनी विचारलं.

“नकोसं वाक्य ऐकलं की मेंदूत एक बारीक विद्युतलहर उठते,” ते म्हणाले. “आम्ही तिला नकारलहर म्हणतो. श्रुतिका कानाच्या त्वचेवरून ती टिपते आणि पुढचं वाक्य वक्त्याच्याच आवाजात थोडं मऊ करून ऐकवते. लहर निवेपर्यंत.”

“किती मऊ?”

“ते ऐकणाऱ्यावर.”

मग मी श्रुतिकेशिवाय बोलेन, असं बाईंनी सांगितलं. केळुसकरांनी हरकत घेतली नाही. मागच्या वर्षी एका वक्त्याने तसा हट्ट धरला होता आणि पाण्याचा पेला संपायच्या आत त्याच्यासमोर फक्त खुर्च्या उरल्या होत्या, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. बाईंनी बराच विचार केला. मऊ झालेला इशारा हाही शेवटी इशाराच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि होकार दिला.

त्या तासभर बोलल्या, काहीही न लपवता. साळवीवाडीचे लोक माना डोलावत होते.

कार्यक्रम संपल्यावर वत्सला साळवी त्यांच्याजवळ आल्या. मुलगा आखातात, घरी सून आणि नातू. त्यांनी बाईंचे हात हातात घेतले. आता गुरं विकायची नाहीत, वरच्या बाजूला एक बांध घातला की झालं, असं त्या सांगू लागल्या. डोंगर पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे, तो कुठे जात नाही, हे इतक्या शिकलेल्या बाईंच्या तोंडून ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

ओगलेबाई दुसऱ्या दिवशी वाडीत गेल्या. घरोघरी, उघड्या कानांशी, तेच पुन्हा बोलल्या. लोकांनी चहा दिला. “काल भर सभेत एक बोललात, आज दारात येऊन दुसरं,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आम्ही कुठलं धरायचं?” कालचं सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कालचंच धरलं.

श्रावणात सलग पाऊस लागला आणि एका दुपारी कडा सुटला. वत्सलाबाई बाजारात होत्या म्हणून वाचल्या. सून आणि नातू सापडायला आठवडा लागला.

ओगलेबाई वत्सलाबाईंना भेटायला शाळेतल्या छावणीत गेल्या. शिव्या खायच्या तयारीनेच गेल्या होत्या. वत्सलाबाईंनी त्यांना आपल्या सतरंजीवर बसवून घेतलं.

“तुमच्यावर राग नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बोललात म्हणून शेवटचे महिने तरी सून न घाबरता झोपली. त्याआधी रात्रभर जागायची.” मग त्यांनी विचारलं, “पण तुम्हाला खरंच वाटलं होतं ना, की डोंगर पडणार नाही?”

खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की सगळं आधीच ठाऊक होतं, सगळं सांगितलंही होतं, आणि ते जसंच्या तसं ऐकू आलं असतं तर ती दोघं आज जिवंत असती. समोरचा चेहरा उत्तराची वाट पाहत होता.

“हो,” ओगलेबाई म्हणाल्या. “तसंच वाटलं होतं.”

वत्सलाबाईंनी मान डोलावली. त्यांच्या कानात काहीही नव्हतं.