टॉवेलातला सीपीयू

दुपारी दुकानात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, म्हणून मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, आणि नेमका तेव्हाच तो आला. निळ्या टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू छातीशी धरून… नुकतं न्हाऊ घातलेलं बाळ आणावं तसा. दुकान मामांचं, कॉम्प्युटर दुरुस्ती माझी, आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवण्याचं काम पुन्हा मामांचं. "टॉवेलवाला," ते पुटपुटले.

"काय होतंय?" मी विचारलं.

"गेम बंद पडतो. बाजाराच्या पुलावर पाऊल ठेवलं की… खल्लास."

"मॉड किती टाकलेत?"

तो कान खाजवायला लागला. "असतील… दीडशे?"

"मॅनेजरमधून?"

"कसला मॅनेजर?"

मॉड म्हणजे मूळ गेमला खेळणाऱ्यांनीच हौसेने शिवलेली झालर—नवी झाडं, नवी छपरं, छत्री घेऊन फिरणारी मांजरं. या बाबाने ती सगळी झालर हाताने एकाच फोल्डरमध्ये कोंबली होती. कुठल्या मॉडने कुणाच्या फायली पुसल्या, काही पत्ता नाही. दुसरं कुणी असतं तर सरळ सगळं उडवायला सांगितलं असतं. पण त्याने त्या गेममध्ये अख्खं गाव वसवलं होतं, घराघराला वेगळी खिडकी, आणि ते दाखवताना त्याचे डोळे असे चमकले की माझ्या तोंडून "बसा, बघते" कधी निघालं ते कळलंच नाही.

मी मॉड मॅनेजर टाकला आणि एकेक मॉड उपसून त्यात वेगळा केला. नावापुढची टिक काढली की मॉड बंद, लावली की चालू. मग माझी नेहमीची युक्ती—निम्मे बंद करायचे आणि गेम चालवायचा. चालला तर चोर बंद केलेल्यांत. मग त्यांतले निम्मे तपासायचे.

"टिका तुम्ही काढा," मी माउस त्याच्याकडे सरकवला.

"म्हणजे काम मलाच?"

"पसारा कुणाचा आहे?"

तो हसला. एका पडद्यासमोर दोन खुर्च्या, आणि मला उगीचच उकडायला लागलं. मध्येच तो माझ्याकडे बघत म्हणाला, "एक सांगू? रागावणार नसाल तर…"

मी खुर्चीत सावरून बसले.

"तुमचा चष्मा डावीकडे कलतोय."

त्याने चष्मा अलगद काढून घेतला, दांडी वाकवली आणि परत माझ्या नाकावर ठेवला. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तो काम करायचा, हे तेव्हा कळलं. त्याची बोटं कानाला जराशी लागली, एवढंच. पुढची टिक मी चुकीची सांगितली.

चोर सापडला. पुलावरच्या कंदिलांचा एक जुना मॉड. टिक काढली, गेममधला त्याचा घोडा पुलावरून दौडत गेला. निळा टॉवेलही गेला, आणि दुकान एकदम ओकंओकं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी टॉवेल परत दारात. "पुन्हा बंद पडतोय…"

या वेळी मॉड चालू होण्याचा क्रम उलटा होता. छपरांचा मॉड घरांच्या आधी. क्रम मीच लावलेला, म्हणजे चूक माझी. मी नीट केला. पुढच्या दिवशी रस्ते आणि झाडं यांची अदलाबदल. मॉडच्या बाबतीत मी कुणाच्या बापाला हार जात नाही, आणि इथे माझ्याच हातून अशी माती?

"पोरी," मामा त्याच्यादेखतच म्हणाले, "आता हे परत आलं तर मोठ्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचं. गल्लीत हसं होतंय आपलं."

म्हणजे माझं कामही गेलं आणि तोही गेला. घरी जाऊन मी चक्क रडले.

आणि तरी तो आलाच. मी मॅनेजर उघडला. कंदिलांच्या मॉडवर टिक होती. टिक आपोआप लागत नाही.

"ही कुणी लावली?"

तो टॉवेलाची घडी घालायला लागला.

"आणि क्रम? तोही तूच हलवलास?" 'तुम्ही' कधी गळून पडलं कोण जाणे.

"दोन्ही वेळा," तो खाली बघत म्हणाला. "आज जरा घाई झाली… नवीन काही सुचेना."

"मला वाटत होतं मला कामच येत नाही. रडले मी काल."

त्याचा चेहराच उतरला. "चुकलं माझं. फार चुकलं. पण तू पहिल्याच दिवशी सगळं इतकं पक्कं करून दिलंस… परत यायला कारणच उरेना. मला तू आवडतेस. गेम नाही चालला तरी चालेल."

मामांचं वर्तमानपत्र हलायचं थांबलं. मला राग आला होता, खरंच आला होता, पण हसू त्याच्याही पुढे धावत होतं. मी टिक काढली, घोडा पुलावरून नेऊन दाखवला, मशीन बंद केलं आणि टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

"झालं. आता हे इथे परत आणायचं नाही."

"बरं," तो कसाबसा म्हणाला आणि वळला.

"घरी ठेवून ये," मी म्हटलं. "सहाला दुकान बंद होतं. आणि येताना हात रिकामे ठेव. चालताना कुणी हात धरलेला मला आवडतो."

त्याला कळायला जरा वेळच लागला. मग तो असा सुटला, की मामांना वर्तमानपत्र टाकून दारात यावं लागलं. "अरे जावईबापू, हळू," ते म्हणाले, "पडाल."