तीन, मग दोन

चाळीस डेसिबल

दादाला मी तपासणीच्या खोलीत बसवलं. भिंतींना जाड फोम, दुहेरी काच, एक खुर्ची. त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. काचेबाहेर माझ्या मशीनवर दिवा लागतो.

"एवढा थाट कशाला?" तो म्हणाला. "ऐकण्यासारखं बोलतंय कोण घरात?"

कान तपासणं हे माझं काम. तापानंतर दादाचे दोन्ही कान गेले, असं तोच सांगायचा. म्हणून तीन महिन्यांपूर्वी घरी त्याच्या शेजारच्या खोलीत आई गेली तरी त्याला कळलं नाही. अर्धांगाने तिची वाचा गेली होती. खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा वाजवून ती बोलवायची. तीन ठोके, मग दोन. मी कामावरून आले तेव्हा चमचा तिच्या मुठीत होता. वाकलेला.

बहिऱ्या माणसाला काय दोष द्यायचा, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. फक्त मला ते एकदा कागदावर हवं होतं.

चाळीसला दिवा लागला नाही.

नव्वद डेसिबल

नव्वदलाही नाही.

पण दादाची पापणी लवली. मशीन हे नोंदवत नाही. मी नोंदवते.

आवाज बंद

मला पुढे जाववेना. आवाज बंद करून मी नुसती बसले.

दिवा लागला. तीनदा. थांबला. दोनदा.

पुन्हा तसाच.

मी आत गेले. दादाने हेडफोन ओढून काढले.

"बंद कर ते. रेकॉर्ड करून ठेवलं होतंस ना? मला पकडायला? सख्खी बहीण ना गं तू?"

"काय रेकॉर्ड केलं?"

"चमचा."

मी काचेतून मशीनकडे पाहिलं. आवाज बंदच होता.

"त्या दिवशीही एवढ्याच जोरात येत होता. मला वाटलं, थकेल. थांबेल."

मी त्याच्याकडे पाठ केली आणि अगदी कुजबुजत विचारलं, "मग? थांबला?"

"संध्याकाळी," दादा म्हणाला.

शून्य डेसिबल

शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी कानाला जेमतेम जाणवणारा आवाज म्हणजे शून्य. माझे कान त्याच्याही खालचं ऐकतात. दर वर्षी तपासते.

दादाला बाहेर पाठवून मी त्याच्या खुर्चीत बसले. दार लावलं. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

माझा श्वास. माझं रक्त.

आई, मी आलेय.

काही नाही.

काचेपलीकडे दादा दिव्याकडे बघत उभा होता. मग माझ्याकडे वळून त्याने हात वर केला.

तीन बोटं.

मग दोन.

बटण माझ्या पायाशी पडलं होतं. त्याची वायरसुद्धा हलत नव्हती.