मुठीतला अंगठा

दूरदेशी शिकताना तिला वाटायचं, यंत्र न्याय देईल. त्याला ना भाचा असतो ना मेहुणा. परतल्यावर रुग्णालयाच्या कर्मचारी विभागात तिला मिळाली एक बिनखिडकीची खोली, एक संगणक आणि अंगठा टेकवायची काच. कुणाला कामावरून काढायचं ते यंत्र ठरवणार. कायद्याला माणसाची नजर हवी, म्हणून हिने मंजुरीचा डावा अंगठा द्यायचा. तिच्या अंगठ्याची नोंद उद्या सकाळी होणार होती.

दुपारी कुलूप काढून तिने यादी उघडली. पहिल्याच होत्या सात नंबर वॉर्डातल्या मावशी. कारण: 'निष्क्रिय वेळ जास्त.' तिने त्यांना बोलावून घेतलं.

"मावशी, मनगटावरचा पट्टा म्हणतो, तुम्ही तासन्‌तास एकाच खाटेपाशी बसून असता."

"मरणाऱ्याला काय सांगू, पोरी? आटप लवकर म्हणू?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण यादीत त्यांच्या नावाखाली मंजुरी पडलेलीही होती. अर्ध्या तासापूर्वीची. तिच्या आधी या खोलीत बसणाऱ्या बाईंच्या अंगठ्याने.

"त्या बाई कुठे असतात आता?"

"महिना झाला जाऊन... माझ्याच वॉर्डात. त्यांच्या उशाशी बसले, तेच हे तास."

तिने संगणकवाल्याला बोलावलं. "अहो, यंत्र शिकतं," तो म्हणाला. "बाई सगळंच मंजूर करायच्या, आता तेच करतं."

"आणि अंगठा? तोही शिकलं?"

तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. काचेवर ओला ठसा होता. मधोमध आडवा व्रण. खोलीत वॉर्डातल्या औषधांचा वास दाटला होता.

"बाईंचाच," मावशी पुटपुटल्या. "पण जाताना त्यांनी हा अंगठा मुठीत गच्च आवळला होता गं. 'आता देणार नाही...' एवढंच म्हणत होत्या. अंग पुसताना किती सोडवला... मूठ उघडलीच नाही."

"मग हा कुणी...?"

काच उजळली, कुणीतरी बोट टेकवल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नोंदीला गेलीच नाही. तिने कागदावर हाताने लिहिलं: 'मी यादी वाचली. मावशींना भेटले. नामंजूर.' एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी पिशवीत घातली. "चला मावशी, कामगार न्यायालयात."

जिन्यावर मावशींनी तिचा डावा हात धरला आणि थबकल्या. मूठ गच्च मिटलेली होती, अंगठा आत.

जाग आल्यापासून ती उघडत नव्हती.