वेगळं ताट

"घ्या ना आत्याबाई, एकदा तरी घ्या पोरीला!" बारशाच्या पाळण्याशी उभ्या गोदावरीनं सगळ्या बायांदेखत बाळ सासूपुढं धरलं, आणि वच्छलाबाईनं काय करावं? तोंडाला पदर लावून ती पार भिंतीपर्यंत मागं सरकली! बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत एकदम कुजबुज सुरू झाली. "मुलगी झाली ना... म्हातारीला नातू पायजे व्हता," कोणीतरी म्हणालंच. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! पण गोदावरीच्या काळजात ते शब्द खोल रुतून बसले.

वच्छलाबाईनंही ते ऐकलं. पण तिचं मागं सरकण्याचं कारण वेगळंच होतं. दोन वर्षांमागं तिच्या आतड्यातली गाठ काढली होती, आणि गेल्या दिवाळीत फुप्फुसात डाग दिसले, तेव्हा तिनंच मुलाला विचारलं होतं, "बद्री, छातीची बीमारी म्हंजे टीबीच ना रं?" बद्रीनाथ मान खाली घालून म्हणाला होता, "व्हय माय. पन गोदीपुढं नाव काढू नको. पोटुशी बाई, घाबरंल." टीबी! माहेरी पाचोडला तिच्या आईला तीच झाली होती, आणि आईच्या मांडीवर लोळणारा धाकटा भाऊ सहा महिन्यांत आईमागोमाग गेला होता... हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं! मग कोणी न सांगता तिनं आपलं ताट, तांब्या वेगळा केला, अंथरूण गॅलरीत टाकलं. आत नात रडायची आणि बाहेर हिचे हात नुसते शिवशिवायचे, तरी ती माउली उठली नाही. सून रागानं बघते ना? बघू दे बापडी! पोर जगली म्हणजे झालं.

सहा महिने असेच गेले. गोळ्यांनी तळहात काळे पडून सोलले, जेवण तुटलं, आणि धाप इतकी वाढली की बद्रीनाथ तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात आला. घरी कोणी नाही म्हणून गोदावरीही पोरीला कडेवर घेऊन बरोबर होती.

"मॅडम, जरा भाईर बोलू," नेहमीप्रमाणं बद्रीनाथनं डोळ्यांनी खुणावलं.

"नाही," डॉक्टर बिल्किस म्हणाल्या. "औषध बदलायचंय. सोसायचं अम्मांना, तर विचारायचंही अम्मांनाच."

"टीबी लई वाढली का, मॅडम?" वच्छलाबाईनं विचारलं.

"टीबी?" डॉक्टरांनी बद्रीनाथकडं पाहिलं. त्याची मान खालीच. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "टीबी नाही, अम्मा. आतड्यातला कॅन्सर फुप्फुसात आलाय. एक-दोनच गाठी असत्या तर ऑपरेशननं काढल्या असत्या, नाहीतर सुई घालून जाळल्या असत्या. पण त्या दोन्हीकडं पसरल्यात, आणि किमोच्या या गोळ्यांना दबत नाहीत. सलाईनमधून दुसरी किमो देता येईल. लागू पडली तर गाठी काही महिने थोपतील, जाणार नाहीत. थकवा येईल, उलट्या होतील. किंवा ते सगळं थांबवून नुसती धाप आणि दुखणं आटोक्यात ठेवू. तुम्ही म्हणाल तसं."

"माय, माफ कर गं!" बद्रीनाथ हुंदके देत तिच्या पायाशी बसला. "त्या नावानंच तू खचशील, असं वाटलं मला... तू ताट वेगळं केलंस, तरी तोंड उघडलं नाही म्या!"

वच्छलाबाईचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं.

"मॅडम, ह्ये... मांडीवर घेतल्यानं लेकराला लागतं का?"

"नाही अम्मा. कॅन्सर असा लागत नाही."

"सहा म्हयनं!" मरणाचं नाव ऐकून जी हलली नव्हती, ती आता ऊर बडवून आक्रंदली. "सहा म्हयनं रं बद्री! दोन हातावर पोर रडत व्हती, अन् म्या कानात बोळे घालून पडले रं...!"

आता कुठं गोदावरीच्या डोक्यात प्रकाश पडला! "आत्याबाई, म्या तुमाला काय काय समजले!" असं म्हणत तिनं रडतरडत पोर सासूच्या मांडीवर ठेवली. त्या सोललेल्या हातांनी वच्छलाबाईनं नातीला छातीशी घेतलं... आणि पोरीनं टाहो फोडला! अनोळखी बाई पाहून ती आईकडं झेपावू लागली.

"वळखत नाय मला," वच्छलाबाई पुटपुटली. "कशी वळखंल?"

गोदावरीनं घाईनं हात पुढं केले, पण म्हातारीनं मान हलवली.

"मॅडम, सलाईन लावा. त्रास झाला तर व्हऊ द्या. हिला माझी वळख पटंपत्तूर तेवढं जगवा मला."

पोर रडतच होती. वच्छलाबाईनं तिला खाली ठेवलं नाही.