पंधरा टक्के वर

टेबलावरच्या नखाएवढ्या तबकडीला जळक्या मांसाचा वास येत होता. ज्योत्स्ना बिडवेनं मास्क वर ओढला, तरी वास गेला नाही. आंधळ्याला दिसावं म्हणून डोळ्यात बसवायची ही नेत्रपट्टिका सकाळीच यशवंत लोणारींच्या डाव्या डोळ्यातून काढली होती. वाईला घड्याळं दुरुस्त करणारे लोणारी आता शेजारच्या खोलीत बसले होते. उजव्या डोळ्यात तसलीच दुसरी पट्टिका होती आणि तिच्यावरच त्यांचं दिसणं चाललं होतं.

"एखाद्या पट्टिकेत दोष निघतोच," विभागप्रमुख मुकुंद सबनीस म्हणाले. "चौदा महिने अतिदाब-रक्षक एकदाही चालला नाही. शून्य!"

त्या शून्याचे दर महिन्याला पेढे वाटले जात. ज्योत्स्नानंही चौदा वेळा खाल्ले होते.

"चालणार कसा, सर? पट्टिकेला शून्य पूर्णांक नऊ व्होल्ट लागतात. बॅटरीच्या विजेचा दाब तेवढा खाली आणायचं काम दाब-उतारक नियंत्रकाचं. पट्टिका जुनी झाली की चित्र फिकं पडतं, मग नियंत्रक दाब जरासा वाढवतो."

"वाढवायलाच हवा. आणि ठरलेल्या दाबाच्या पंधरा टक्के वर गेला की रक्षक वीज तोडतो."

"पण ठरवतो कोण? नियंत्रकच! त्यानं दाब वाढवला की पंधरा टक्क्यांची रेघही वर सरकते. जास्त दाबानं पट्टिका आणखी लवकर झिजते, की पुन्हा वाढव. लोणारींचा उजवा डोळा आज एक पूर्णांक चार व्होल्टवर चाललाय. रक्षकाच्या मते सगळं आलबेल. आत नस शिजतेय."

"मग दाब कमी करा."

"झिजलेली पट्टिका आता कमी दाबावर चालतच नाही. मर्यादा मूळच्या शून्य पूर्णांक नऊवरून पक्की बांधायला हवी. एक पूर्णांक शून्य तीन, कधीच न हलणारी."

सबनीस हसले. "म्हणजे चार हजार एकशे बारा माणसं एका क्षणात आंधळी? आपल्या हातानं? अहो, थोडं व्यवहारानं घ्या. पट्टिकांची नवी पिढी येतेच आहे वर्षभरात. तोवर कशाला बोभाटा?"

हा माणूस रोज देवाला फुलं वाहून येतो, हे आठवून तिला त्याची शिसारी आली. त्याहून जास्त स्वतःची, कारण पंधरा टक्क्यांची मर्यादा मंजूर करणाऱ्या कागदावर तिचीही सही होती. प्रयोगशाळेत सगळंच तसं चाले. जे असेल त्याच्या पंधरा टक्के वर रेघ मारायची आणि निर्धास्त व्हायचं.

ती शेजारच्या खोलीत गेली आणि काहीही न लपवता लोणारींना सगळं सांगितलं.

लोणारींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पुढे पळणारं घड्याळ त्याच्याकडेच बघून लावायचं, असं झालं की हो बाई."

"हो, काका."

"असंच ठेवलं तर?"

"तीन आठवडे दिसेल. मग नस जळेल, आणि पुढे कुठलीच पट्टिका बसणार नाही. आज वीज तोडली तर नस वाचेल. नवी पट्टिका मिळेपर्यंत मात्र अंधार."

लोणारींनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, उलटेपालटे करून बघितले. "तुम्ही लोकांनी माझी पार वाट लावलीत," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तोडा."

पट्टिका बंद करण्याचा हुकूम सबनीसांच्या सहीशिवाय जात नसे. मर्यादा बदलणं मात्र ज्योत्स्नाचं रोजचं काम होतं. तिनं एक पूर्णांक शून्य तीन हा आकडा पक्का केला आणि फक्त लोणारींच्या पट्टिकेला पाठवला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा रक्षक चालला. लोणारींनी हात हळूच खाली ठेवले.

आणि भोंगा वाजला. पडद्यावर रुग्णालयांची नावं भराभर लाल होत गेली. नागपूर, सांगली, नांदेड. प्रत्येकाला एकच इशारा जात होता: रक्षक चालण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर, सर्व नेत्रपट्टिका ताबडतोब तपासा. एका पट्टिकेसाठी एवढा गहजब का, हे तिला क्षणभर कळेना. मग कळलं. इशारा-यंत्रणा सबनीसांनीच बांधली होती, तीही सवयीप्रमाणे: आधीच्या सरासरीच्या पंधरा टक्के वर.

सबनीस धावत आले. "बंद करा ते! एकच तर झालंय!"

"सरासरी शून्य होती, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "शून्याचे पंधरा टक्के किती होतात?"

टेबलावरचा फोन वाजू लागला. सबनीसांनी हात पुढे केला, पण तो आधी ज्योत्स्नानं उचलला.