आधी पट्टी, मग हात

गोष्ट भर दुपारची आहे. गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, युवराज एक मेलेली हार्ड डिस्क बदलायला निघाला होता. पाच मिनिटांचं काम.

त्या गारठलेल्या खोलीत लोखंडी कपाटं रांगेनं उभी होती. एकेका कप्प्यात साठ डिस्क, आणि साठ मिळून लोकांच्या फोटो-फायलींचं एकच मोठं भांडार. एखादी मेली तर बाकीच्या तिच्यातलं सगळं पुन्हा जुळवून देतात. पण ती बदलायच्या आत आणखी एक गेली, की सगळंच गेलं. म्हणून सुधन्वादादाचा, युवराजच्या थोरल्या भावाचा, एकच नियम होता. "युव्या, आधी पट्टी, मग हात." मेलेल्या डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर नंबर लिहायचा, मगच ती ओढायची. आठवी नापास भावाला दादानंच इथं लावून घेतलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी घाईत युवराजनं पट्टी लावलीच नाही. मेली होती सत्तावीस नंबरची. त्यानं ओढली शेजारची जिवंत अठ्ठावीस. हजारो लोकांचे लग्नाचे फोटो गेले. साहेबांसमोर दादा म्हणाला, "सर, मैंने खींची थी." त्याची नोकरी गेली. नवं काम बघायला तो बाइकवरून पानिपतला निघाला, आणि धुक्यात ट्रकनं त्याला उडवलं.

तेराव्याला वहिनीनं विचारलं होतं, "भाऊजी, यांच्या हातून अशी चूक झालीच कशी?"

"होतं कधीकधी, वहिनी," युवराज म्हणाला होता. आणि खाली मान घालून जेवत राहिला होता.

आज पुन्हा तोच कप्पा. मेलेल्या डिस्कचा लाल दिवा सत्ताविसावरच. त्यानं नीट पट्टी लावली, नंबर लिहिला. नवी डिस्क उचलायला वाकला, सरळ झाला.

पट्टी तिथं नव्हती.

मग लवंगेचा वास आला. या खोलीत थंडी वाजायला लागली की दादा लवंग चघळायचा.

"दादा...? सांगतो मी. आजच सांगतो वहिनीला..."

खोलीभरची यंत्रांची घरघर थांबली. एक श्वास घ्यावा, एवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाली. लाल दिवा हिरवा झाला होता.

तो पळतच बाहेर आला. दारावरचा गार्ड हरिदास हसला, "अरे हीरो, सीने पे ये क्या चिपका रखा है?"

शर्टावर, बरोबर काळजाच्या जागी, पट्टी होती. तिच्यावर नंबर नव्हता. दादाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : युव्या.

त्यानं ती ओरबाडून काढली, चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वहिनीला फोन लावला.

"बोला भाऊजी. जेवलात का?"

त्यानं डब्याकडे पाहिलं.

"काही नाही वहिनी... सहज केला होता."

फोन ठेवला तेव्हा पट्टी डब्यातच होती. पण ती आधी छातीवर चिकटली होती त्या जागी, शर्टाच्या आतून, गार बोटं सावकाश पकड शोधत होती.