बिल्ला क्रमांक चारशे बारा

फोन आला तेव्हा तपासनीस चहात बिस्कीट बुडवत होते. पलीकडे कामगार खात्यातल्या अधिकारी बाई होत्या.

"पंपाच्या कारखान्यात गेल्या आठवड्यात अपघात झाला. तुमच्या बँकेकडे तारण असलेल्या लेथवर. ती चालवणाऱ्या टर्नरबाईंची दोन बोटं गेली. मालक म्हणतो, चूक बाईंची. यंत्र धड होतं की नाही, तेवढं तुमच्याकडून लेखी हवंय. आज बारा वाजता कारखान्यातच सुनावणी आहे."

"बिल्ल्याचा नंबर?"

"चारशे बारा."

बिस्कीट चहात पडलं. तपासनिसांनी ते काढलंही नाही.

बँक सरकारी होती, उद्योग उभे करणारी. पंप परदेशातून आणण्यापेक्षा देशातच बनावेत म्हणून पंधरा-पंधरा वर्षांची कर्जं तीच द्यायची. एवढी मुदत ऐकली की बाकीच्या बँका अंग चोरायच्या. कर्जातून आलेल्या प्रत्येक यंत्रावर बँकेच्या माणसानं स्वतःच्या हातानं पितळी बिल्ला ठोकायचा, कोपऱ्यात आपला ठसा मारायचा. मग दर सहा महिन्यांनी यायचं, नंबर वाचायचा, सही करायची. तपासनीस नंबर भिंगातून वाचत, म्हणून कामगार त्यांना भिंगवाले म्हणत. मोठा रुबाब होता त्या भिंगाचा!

मालक फाटकातच उभा होता. त्यानं आधी केबिनमध्ये नेलं.

"चार वर्षांची लेथ, साहेब. नवीकोरी म्हणा. बाईंचं लक्ष नव्हतं, त्याला मी काय करू?"

टेबलावर पंपाचा एक दांडा होता, आरशासारखा गुळगुळीत. तपासनिसांनी तो उचलला. "हा इथलाच?"

"छे, जावयाच्या वर्कशॉपमधून करून आणतो असले नाजूक."

"घरात नवी लेथ असताना?"

"अहो, कामाचा ढीग पडलाय!" मालक हसला, पण जरा उशिरा.

टर्नरबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. चूक त्यांची ठरली तर भरपाई नाही आणि कामावरूनही छुट्टी. तपासनिसांना त्यांच्याकडे सरळ बघवेना.

"काय झालं, सांगाल?"

"लेथ कण्हली. बाबांनी शिकवलं होतं, ही कण्हली की हात मागे घ्यायचा. घेतच होते हो! तेवढ्यात दांडा पकडणाऱ्या तिच्या जबड्याचा तुकडा उडाला."

"बाबा काय करतात?"

"याच लेथवर टर्नर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली."

तपासनीस उठून लेथकडे गेले.

लेथला हिरवा रंग होता, जाड, थरावर थर दिलेला. अंगभर तेलकट काजळी, बिल्ला मात्र लख्ख. कोण पुसतं हा, असा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला. त्यांनी भिंग काढलं. नंबर बरोबर. कोपऱ्यातला ठसाही बरोबर. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भिंग बिल्ल्यावरून बाजूला सरकवलं. रंगाखाली बुजवलेली स्क्रूची भोकं होती. त्यांनी खाली पाहिलं. टर्नर उभा राहतो तिथल्या दगडी फरशीत पावलांचे दोन खळगे पडले होते.

मालक मागून आला. आवाज मऊ केलेला. "भिंगवाले, चार वर्षांत आठ सह्या. कुणाच्या आहेत? निवृत्तीला किती, तीनच महिने ना? लिहून टाका, यंत्र उत्तम."

लिहिणं सोपं होतं, देवाशपथ. पेन खिशातच होतं. तपासनिसांनी पेनाऐवजी फायलीतलं खरेदीचं बिल काढलं आणि व्हरांड्यात जाऊन एक फोन केला.

बारा वाजता केबिनमध्ये टर्नरबाईंसह चौघं जमली. अधिकारी बाईंनी कागद पुढे ओढला. "बोला. यंत्र धड होतं?"

"नव्हतं. आणि बँकेनं ज्यासाठी कर्ज दिलं, ते हे यंत्रच नव्हे."

"काहीतरीच!" मालक उसळला.

"बाईंच्या बाबांना या लेथचं कण्हणं ओळखू यायचं. ते रिटायर होऊन सहा वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी आलेली लेथ त्यांनी ऐकली कुठे? पावलांनी दगड झिजायला माणसाची उमर जाते. आणि बिल्ल्याभोवतीची भोकं जुन्या पाटीची आहेत. जुनं यंत्र रंगवलं, त्यावर आमचा बिल्ला ठोकला."

"मग नवी लेथ?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"या बिलावर तिचा कंपनीचा नंबर आहे. मघाशी लेथ बनवणाऱ्या त्या कंपनीला फोन करून विचारलं. गेल्याच महिन्यात त्यांचा माणूस तिच्या दुरुस्तीला गेला होता. यांच्या जावयाकडे. या टेबलावरचा दांडा तिथलाच. इथे पंप बनावेत, इथल्या माणसांना धड यंत्र मिळावं, म्हणून लोकांचा पैसा दिला होता. यांनी जावयाला आहेर केला."

मालकाचा चेहरा उतरला. तरी तो तणतणलाच, "मी एकटा नाही! बिल्ला बँकेचा माणूसच ठोकतो. विचारा, तो कोण!"

"तेच सांगतोय," तपासनीस म्हणाले. "ठसा माझा आहे. त्या दिवशी नातवाचा पहिला वाढदिवस होता. नव्या लेथचा खोका यायला उशीर झाला. बिल्ला आणि ठसा यांच्या याच टेबलावर ठेवले, म्हटलं, खोका आला की ठोकून घ्या. नंतर आठ वेळा आलो. आठही वेळा नंबर वाचला. यंत्राकडे एकदाही बघितलं नाही. लाच घेतली नाही म्हणून स्वतःला स्वच्छ समजत होतो. बाई, तुमच्या बोटांना मीही जबाबदार आहे."

मग टर्नरबाई हळूच म्हणाल्या, "बिल्ला मीच पुसायचे साहेब. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. दिसायला त्रास होतो ना तुम्हाला, म्हणून."

तपासनिसांचे डोळे भरून आले. त्यांनी कागद ओढला आणि जबाबदार व्यक्तींच्या रकान्यात मालकाच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. मग सही केली. ही नववी.